बेवड, सेंद्रिय खते आणि मातीतील जिवाणू

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या बोलीत ‘बेवड’ हा एक मार्मिक शब्द आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला बरावाईट परिणाम म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट, हा अनुभव शास्त्रीय परिभाषेच्या पुष्कळ आधीचा होय. त्याचा उलगडा मातीच्या केवळ रासायनिक पृथक्करणाने होत नाही. त्यासाठी जिवाणूंच्या व्यवहाराकडे वळावे लागते.

एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. तथापि त्यांपैकी बहुसंख्य एरवी सुप्तावस्थेत असतात, कारण त्यांना सुलभपणे वापरता येईल असा कार्बन मातीत फारच थोडा असतो. काड, शेणखत किंवा ताग गाडला की हा उपवास सुटतो. पुढे काय घडते हे मात्र त्या पदार्थातील कार्बन व नायट्रोजन यांच्या प्रमाणावर अवलंबून राहते. गव्हाच्या काडात हे प्रमाण सुमारे 80:1 असते. म्हणजे 100 किलो कार्बनाबरोबर मातीत सव्वा किलोच नायट्रोजन जातो. या कार्बनापैकी एकतृतीयांश सूक्ष्मजीवांच्या पेशींत बांधला गेला आणि पेशींतील प्रमाण 8:1 धरले, तर त्यांना 4 किलोंहून अधिक नायट्रोजन लागेल. उरलेले सुमारे 3 किलो ते मातीतील नायट्रेटमधून उचलतात आणि पीक पिवळे पडते. कोवळ्या तागात हेच प्रमाण 20:1 च्या आसपास असल्याने 100 किलो कार्बनामागे 5 किलो नायट्रोजन येतो व थोडाफार पिकासाठी मोकळा होतो. ज्वारीच्या धसकटांचा वाईट बेवड पुष्कळ अंशी या हिशेबातच सापडतो. शिवाय ज्वारीच्या मुळांतून स्रवणारे सॉर्गोलिओन हे द्रव्य अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना रोखते.

आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 साली ग्रंथरूपाने मांडलेल्या इंदूर पद्धतीचे मर्मही येथेच आहे. नायट्रोजनासाठीची ही ओढाताण शेतात होऊ न देता खड्ड्यात किंवा ढिगात उरकून घ्यावयाची, आणि कुजून स्थिरावलेला पदार्थच जमिनीत घालावयाचा.

दीर्घकालीन परिणामांचा सर्वांत भक्कम पुरावा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मिळतो. तेथील ब्रॉडबॉक शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. दर हेक्टरी वर्षाला सुमारे 35 टन शेणखत मिळत आलेल्या वाफ्यांत सेंद्रिय कार्बन बिनखताच्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक झाला आहे, आणि सूक्ष्मजीवांचे वस्तुमानही त्याच दिशेने वाढलेले आहे. एवढे शेणखत सामान्य कोरडवाहू शेतकऱ्याला कोठून मिळणार, हा प्रश्न अर्थातच उरतो. म्हणूनच फेरपालटीचे महत्त्व.

हेलरीगेल व विल्फार्ट यांनी 1880 नंतरच्या दशकात द्विदल पिकांच्या गाठींचे कार्य सिद्ध केले आणि 1888 साली बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळा केला. तथापि हे जिवाणू वाटेल त्या पिकाशी सहजीवन करीत नाहीत. तूर व भुईमूग यांना आपल्याकडील मातीत स्थानिक सोबती सहसा सापडतात. बाहेरून आलेल्या सोयाबीनला मात्र प्रथम पेरणीच्या वेळी योग्य संवर्धक बियाण्यास चोळावा लागतो. शिवाय स्थिर झालेल्या नायट्रोजनाचा मोठा वाटा दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. यास्तव द्विदलाच्या बेवडाचे सारे श्रेय नायट्रोजनास देणे युक्त नव्हे. मुळांचे स्राव आणि अवशेष पिकागणिक बदलतात व त्यांवर वेगवेगळे जिवाणू पोसले जातात. 122 अभ्यासांच्या 2014 मधील एकत्रित विश्लेषणात फेरपालटीमुळे मातीतील एकूण कार्बन 3.6 टक्केच वाढलेला दिसला, पण सूक्ष्मजीवांतील कार्बन 20.7 टक्के वाढला.

या चित्रास एक विलक्षण अपवाद आहे. गव्हाच्या मुळांवर ‘टेक-ऑल’ हा बुरशीजन्य रोग येतो. गव्हावर गहू घेतल्यास तो प्रथम वाढतो, परंतु काही वर्षांनी आपोआप ओसरतो. कारण, एकाच पिकाच्या मुळांवर स्यूडोमोनास जातीचे काही जिवाणू साठत जातात आणि त्यांचे प्रतिजैविक द्रव्य त्या बुरशीस आवरते. मध्येच दुसरे पीक घेतले की हे संरक्षण बहुधा मोडते, आणि नंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या गव्हावर रोग पुन्हा बळावतो. तरीही फेरपालटीनंतरच्या पहिल्या गव्हाचे उत्पन्न सामान्यतः सततच्या गव्हापेक्षा सरसच असते.

‘जिवाणू वाढले’ हे विधान तपासताना मोजणीची रीत पाहणे अगत्याचे आहे. पोषक माध्यमावर वाढणारे जिवाणू एकूण संख्येच्या जेमतेम 1 टक्का असतात. उलट डीएनए-पद्धतीत मृत पेशींचे मातीत टिकून राहिलेले अवशेषही मोजले जातात. शेणखताबरोबर आलेले, पण शेतात न तगलेले जिवाणूही त्यात काही काळ दिसत राहतात. त्यामुळे खत घातल्यानंतर लगेच घेतलेला एकच नमुना खताविषयी अधिक व मातीविषयी कमी सांगतो.