जेसीचा माग

हातातला कप सुटू लागतो, मग बोलणं अडखळतं, नजर जाते आणि अनेकदा काही महिन्यांत माणूसच जातो. कर्करोगाने पोखरलेल्या तीन रुग्णांच्या मेंदूंवरून 1958 मध्ये ऑस्ट्रॉम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन यांनी या आजाराची नोंद केली. त्याला पीएमएल म्हणतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं, जागोजाग निघून गेलं होतं. ते कुरतडतंय कोण?

विस्कॉन्सिन विद्यापीठात गॅब्रिएल झू राइन आणि सॅम चाऊ यांनी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मेंदूचे काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरले. मायलिन बनवणाऱ्या पेशींची फुगलेली केंद्रकं गोल कणांनी गच्च भरली होती. कण कुठे विखुरलेले, तर कुठे स्फटिकासारखे ओळीने रचलेले. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाएवढा! 1965 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्या कणांच्या रूपात विषाणू दिसला, पण प्रयोगशाळेत वाढल्याशिवाय गुन्हा शाबीत होणार कसा? त्याच विद्यापीठातल्या बिली पॅजेट आणि ड्युअर्ड वॉकर यांनी त्याला मानवी गर्भाच्या मेंदूतल्या पेशी दिल्या. ज्या पेशी तो खातो त्याच त्याच्यापुढे ठेवायच्या, ही या शोधातली सर्वांत मोठी युक्ती, असं मला वाटतं. 1971 मध्ये विषाणू हाती आला. ज्याच्या मेंदूतून तो मिळाला त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं जेसी.

धक्का पुढेच होता. रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तर बहुतेक धडधाकट माणसांना जेसीची लागण कधीच होऊन गेलेली! तो अंगात गुपचूप राहतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की मेंदूवर चालून येतो.

एड्स आला आणि हा दुर्मीळ आजार तरुणांत दिसू लागला. परिणामकारक उपचार येण्यापूर्वी एड्सच्या शंभर रुग्णांतल्या पाच जणांपर्यंत त्याने मजल मारली. जेसीला मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. मात्र 1996 च्या सुमारास आलेल्या एचआयव्हीविरोधी औषधांच्या एकत्रित उपचाराने, म्हणजे एआरटीने, सीडी-फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढल्या की अनेकांचं शरीर स्वतःच त्याला आवरतं. आपल्याकडे सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. म्हणूनच तरुण माणसाच्या ‘अंगावरून वारं गेलं’ असं सांगत घरचे येतात, तेव्हा एचआयव्हीची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. उशीर होईल तसा मेंदूचा आणखी भाग जातो, आणि गेलेला भाग एआरटीनेही परत येत नाही.