शांत ससा आणि गोठलेला ससा

आज आपण 'संमती' या विषयाचा विचार जमिनीवर आणणार आहोत, अगदी शब्दशः जमिनीवर. प्रश्न साधा आहे. घरी पाळलेल्या सशाला हातात यायची सवय कशी लावायची?

आम्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ससा म्हटलं की आधी 'शशशृंग' आठवतं. सशाचं शिंग, म्हणजे जे मुळात नाहीच त्याचं आपल्या दर्शनांतलं ठरलेलं उदाहरण. आता हेच सशाच्या बाजूनं पाहा. ज्याला शिंग नाही, त्याच्यापाशी उरतं ते पळणं. आणि आपण त्याला उचलतो तेव्हा नेमकं तेच काढून घेतो.

ससा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मात्र अगदी नाकासमोरचं दिसत नाही. वरून झेपावणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घार. शिवाय सशाची आई पिल्लांना कडेवर घेऊन फिरत नाही. आपल्याला जी माया वाटते, ती त्याच्या अनुभवात कुठेच नसते. तेव्हा 'आम्ही एवढं प्रेम करतो, तरी हा पळतो' ही तक्रार आपण आधी बाजूला ठेवू.

मग करायचं काय? पहिले काही दिवस उचलायचंच नाही. खाली सतरंजीवर बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. तो हुंगेल, पायावर चढेल, निघून जाईल. जाऊ द्यावं. जाता येतं हे कळलं, की येणं सोपं होतं. मग हातातून कोथिंबिरीची काडी द्यावी. ती तो निवांत खाऊ लागला की बाजूनं हात नेऊन कपाळावर, कानांच्या मुळाशी हळूच फिरवावा. त्यानंतर कुशीला स्पर्श, मग छातीखाली हात, मग इंचभर उचलून लगेच खाली. दर वेळी पाच मिनिटं पुरेत. एखाद्या पायरीवर तो बिचकला, तर आपण एक पायरी मागे यायचं.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाशी टेकलेला हवा. कान धरून कधीही उचलू नये. कारण ऐका. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय फार ताकदीचे. अधांतरी लटकला आणि त्यानं जोरात लाथ मारली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणून लहान मुलांनी बसूनच त्याला मांडीवर घ्यावं, आणि खाली सोडताना पाय जमिनीला टेकेपर्यंत हात काढू नये.

आता मुख्य मुद्दा. सशाला उताणं केलं की तो निपचित पडतो. लोक म्हणतात, 'बघा, कसा शांत झाला!' तो शांत झालेला नसतो, गोठलेला असतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावरची ही भीतीची अवस्था आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि इथेच आपली फसगत होते. आपण गप्प बसण्याला होकार समजतो. हे फक्त सशाच्या बाबतीत होतं असं नाही, बरं का!

फरक ओळखता येतो. डोळे वटारलेले, पांढरा भाग दिसतोय, कान पाठीला चिकटलेले, अंग ताठ, मागचा पाय आपटतोय, तर तो 'नको' म्हणतोय. अंग सैल सोडून पसरला, दातांचा अगदी बारीक आवाज येतोय, तर बरं चाललंय. मात्र दात मोठ्यानं करकरत असतील, तर ते दुखण्याचं लक्षण असू शकतं.

कुणी विचारेल, एवढं असेल तर उचलावंच कशाला? कारण नखं कापावी लागतात, दात तपासावे लागतात. पावसाळ्यात मागचा भाग ओला, घाण राहिला तर माश्या अंडी घालतात, आणि अळ्या झाल्या की जिवावर बेततं. ससा अर्धा दिवस काही खात नसेल, तर त्याला तातडीनं डॉक्टरकडे न्यावंच लागतं. तेव्हा त्याची संमती विचारत बसता येत नाही. म्हणजे काय, तर रोजच्या दिवसांत त्याचं 'नको' आपण ऐकलेलं असेल, तरच त्या एका दिवशी जबरदस्ती करण्याचा थोडाफार अधिकार आपल्याला पोचतो. एरवी खाऊ देऊन विश्वासाची शिल्लक वाढवायची, ती अशा दिवसासाठी.

काही ससे एवढं करूनही हातात रमत नाहीत. ते शेजारी येऊन बसतात, तेवढंच. त्यांच्याशी असलेलं नातं अपुरं आहे असं समजायचं कारण नाही. पळून जाता येत असताना तो आपल्याजवळ बसलाय, यापेक्षा स्पष्ट होकार त्यानं तरी कसा द्यावा?