अभिनंदन नंतर, पसंती आधी

९ जानेवारी २०२५. बैरुतच्या संसदेत राष्ट्राध्यक्षपदाची मतमोजणी सुरू होती. एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली जात होती. एका चिठ्ठीतून नाव निघालं, ‘जोसेफ एमोस बिन फरहान ल द्रियाँ’. असा उमेदवार अर्थातच नव्हता. लष्करप्रमुख जोसेफ औन, अमेरिकेचे दूत एमोस हॉकस्टीन, सौदीचे यझीद बिन फरहान आणि फ्रान्सचे ज्याँ-इव्ह ल द्रियाँ अशा चौघांची मोट बांधून कुणा खासदारानं राग काढला होता. मत बाद झालं. पण ही निवडणूक समजून घ्यायची तर त्या बाद चिठ्ठीपासूनच सुरुवात करावी.

लेबनॉनचं घोडं अडलं होतं ते ३१ ऑक्टोबर २०२२पासून. त्या दिवशी मिशेल औन यांची मुदत संपली (आडनाव एकच, नातं नाही). राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया ही तिथली जुनी वाटणी. १२८ खासदारांच्या सभागृहात पहिल्या फेरीत दोन तृतीयांश, म्हणजे ८६ मतं लागतात. दुसऱ्या फेरीत ६५ पुरतात. मेख आहे कोरमची. दुसऱ्या फेरीलाही ८६ जण हजर हवेत. १४ जून २०२३ला विरोधी गटाचे जिहाद अझूर यांना ५९, इराणच्या पाठबळावरच्या शिया संघटनेच्या, हिजबुल्लाहच्या पसंतीचे सुलेमान फ्रांजिये यांना ५१ मतं पडली आणि दुसऱ्या फेरीआधीच हिजबुल्लाह व मित्रपक्षांचे खासदार उठून गेले. संपली निवडणूक! तो बारावा प्रयत्न होता. पुढं दीड वर्ष मतदानच झालं नाही.

या काळात सरकार काळजीवाहू, चलन मातीमोल. सैनिकांच्या पगाराला कतारनं हातभार लावला होता. ज्या सैन्याचा खर्च बाहेरचे उचलतात, त्याच्या प्रमुखाची दोहा-वॉशिंग्टनमध्ये ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. अमेरिका, फ्रान्स, सौदी, इजिप्त आणि कतार या पाच देशांचा गट बैरुतमध्ये बैठकांवर बैठका घेत होता, तरी पान हलत नव्हतं.

ते हललं इस्रायल आणि हिजबुल्लाहच्या युद्धानं. सप्टेंबर २०२४मध्ये हिजबुल्लाहचे प्रमुख हसन नसरल्लाह मारले गेले, २७ नोव्हेंबरला युद्धविराम झाला, ८ डिसेंबरला दमास्कसमध्ये हिजबुल्लाहचे मित्र असद यांची सत्ता कोसळली. हिजबुल्लाहचा जोर ओसरला, आणि युद्धविराम राबवायची जबाबदारी आली लष्करावर. ८ जानेवारीला फ्रांजिये यांनी माघार घेतली. तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत औन यांना ७१च मतं! पदावरच्या लष्करप्रमुखाला निवडायला राज्यघटनेची आडकाठी होती. ती ओलांडायची तर ८६चा आकडा गाठणंच भाग होतं. मग सभापती नबीह बेरींनी कामकाज थांबवलं, हिजबुल्लाह आणि बेरींच्या अमल पक्षाचे प्रतिनिधी औन यांना भेटले आणि दुसऱ्या फेरीत ९९ मतं पडली. दूत आणि राजदूत हे सारं सभागृहात बसून पाहत होते.

त्यानंतरचे अभिनंदनाचे संदेश वाचायला गोड होते. तेहराननंही अभिनंदन केलं आणि कागदोपत्री अजून युद्धात असलेल्या इस्रायलच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही. पण संदेशापेक्षा कोण किती लवकर विमानात बसतं ते पाहावं. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ १७ जानेवारीला बैरुतमध्ये होते. २३ला सौदीचे परराष्ट्रमंत्री आले, तब्बल १५ वर्षांनी.

तरीही औन यांना परक्यांचं प्यादं ठरवणं मला पटत नाही. पंथापंथांत विभागलेल्या त्या देशात सगळ्यांचा थोडाफार विश्वास उरलाय तो लष्करावरच, आणि ते भांडवल औन यांनी स्वतः कमावलेलं होतं. शिवाय चारच दिवसांत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष नवाफ सलाम ८४ खासदारांच्या पाठिंब्यावर पंतप्रधानपदी नेमले गेले, तेव्हा औन यांना मतं देऊन आम्ही पुढं केलेला हात छाटला गेला, असं हिजबुल्लाहचे मोहम्मद राद बोलून गेले.

खरी अडचण पैशाची. पुनर्बांधणीला ११ अब्ज डॉलर लागतील, असं जागतिक बँकेनं मार्च २०२५मध्ये सांगितलं. देणाऱ्यांचं म्हणणं, आधी हिजबुल्लाहची शस्त्रं खाली ठेवा. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं लष्कराला तशी योजना आखायला सांगितली. शिया मंत्री बैठकीतून उठून गेले, निर्णय मात्र झाला.