मापात पाप आणि टेलरसाहेबाचा न्याय

घटस्थापना जवळ आली की चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत रजेचे अर्ज वाढतात. धाराशिव, लातूर, सोलापूरकडची पोरं तुळजापूरहून ज्योत आणायला निघतात. चाकणच्या पुढे राजगुरुनगर आणि मंचर ओलांडून घोडेगावला गेलं, तर तिथे तुळजाभवानीचा पलंग तयार होतो. दसऱ्यानंतर देवी ज्यावर निद्रा घेते, तोच हा पलंग. आमच्या औद्योगिक पट्ट्याचं आणि तुळजापूरचं नातं असं दुहेरी आहे. माणसं तिकडून इकडे आली आणि पलंग इकडून तिकडे जातो. या तुळजापूरचा शोध घेतानाच मला एका इंग्रज कादंबरीकाराचं वेड लागलं, आणि ते अजून उतरलेलं नाही.

इंग्रज कादंबरीकारांचा विनोद आणि शहाणपण म्हटलं की मराठी वाचकाला डिकन्स आठवतो, जेन ऑस्टिन आठवते, आणि पु. लं.च्या प्रेमामुळे वुडहाऊस तर घरचाच वाटतो. पण आपल्याच मातीत राहून, आपल्या माणसांवर कादंबऱ्या लिहिणारे इंग्रज आपण जवळजवळ विसरलो आहोत. विल्यम ब्राऊन हॉकली या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकराने 1826 साली ‘पांडुरंग हरी’ ही तीन खंडांची कादंबरी छापली. एका हिंदू माणसाची आत्मकथा हस्तलिखिताच्या रूपात हाती आली, अशी त्याने बतावणी केली होती. पुढे 1873 मध्ये बार्टल फ्रीअरच्या प्रस्तावनेसह ती पुन्हा निघाली. हॉकलीची लेखणी तिखट आहे. पण पानामागून पान लबाड, लाचखाऊ, दगाबाज माणसंच येत राहतात आणि शेवटी ती तिखट चवही बोथट होते.

खुद्द चिंचवडलाही एक इंग्रज लेखणी येऊन गेली. मारिया ग्रॅहम 1809 मध्ये मुंबईहून पुण्याला जाताना पवनेकाठी थांबली. मोरया गोसावींच्या परंपरेतल्या देवांचा वाडा आणि तिथलं वातावरण पाहून तिने 1812 च्या प्रवासवर्णनात नापसंतीचे शेरे मारले. ती कादंबरीकार नव्हती, पण नजर तीक्ष्ण होती. तरीही एका मुक्कामात गावाची पारख करायची ही रीत मला पटत नाही. ज्याला इथली भाषा येत नाही, त्याला फक्त भिंती आणि चेहरे दिसतात.

फिलिप मेडोज टेलर याच्या उलट. लिव्हरपूलमध्ये 1808 साली जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला आला. त्या पेढीची अवस्था बिकट निघाली आणि एका नातेवाइकाच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनीच्या नोकरीची प्रतिष्ठा त्या जागेला नव्हती. तो हिंदुस्थानी शिकला, फारसी शिकला, मराठी शिकला. ठगांवरच्या त्याच्या 1839 च्या कादंबरीची कच्ची पानं राणी व्हिक्टोरियाने मागवून वाचली, हे सगळीकडे छापलेलं असतं. मला ओढ आहे ती त्याच्या विशीच्या आसपासच्या दिवसांची, जेव्हा निजामाच्या नैऋत्य मुलखाच्या पोलिसांची जबाबदारी त्याच्यावर पडली. या मुलखात तुळजापूर होतं.

तुळजापूरच्या यात्रेकरूंनी त्याच्याकडे गाऱ्हाणं नेलं: वाणी पिठात वाळू मिसळतात आणि वजनातही मारतात. टेलरने पीठ विकणाऱ्यांना बोलावलं, त्यांचं पीठ आपल्या वजनांनी तोलून पाहिलं. ते कमी भरलं आणि दाताखाली कचकचलंही. मग त्याने हुकूम दिला: ज्याचं त्याने हे पीठ इथे, सगळ्यांदेखत खायचं. वाण्यांनी गयावया केली, दंड घ्या पण हे नको म्हणाले. साहेब हलला नाही. घास गिळता गिळत नव्हते आणि ज्यांनी आजवर तेच पीठ मुकाट खाल्लं होतं, ते यात्रेकरू समोर उभे राहून पाहत होते. त्यानंतर पिठाची तक्रार आली नाही. टेलर लिहितो की तुळजापूरच्या वाण्यांना टेलरसाहेबाने वाळू कशी चारली, याचं कवन त्या भागातले गाणारे पुढे बराच काळ गात होते.

मला हा प्रसंग त्याच्या कुठल्याही कादंबरीतल्या प्रसंगापेक्षा सरस वाटतो. दंड केला असता तर वाण्यांनी तो पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्याच मापातून वसूल केला असता. विशीतल्या पोराला हे उमगलं, ही त्याची बुद्धी. आणि शिक्षा चावडीत न देता यात्रेकरूंसमोर दिली, हे त्याचं शहाणपण. चाकणच्या कांदा-बटाटा बाजारात काट्यावर डोळा ठेवून उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला या न्यायाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ‘मापात पाप’ हे ज्याच्या ताटात उतरतं, त्याच्या बाजूने टेलर उभा राहिला, आणि लोकांनी त्याला गाण्यात जागा दिली. इंग्लंडातल्या किती कादंबरीकारांच्या वाट्याला हे आलं असेल?

पुढे शोरापूरच्या बाल राजाचा कारभार त्याने सांभाळला. 1853 मध्ये निजामाकडून जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा नळदुर्ग त्याच्याकडे आलं. बोरी नदीवरच्या बांधात पाणीमहाल पोटात घेऊन बसलेला तो किल्ला त्याला फार आवडला होता. तुळजापूर पुन्हा हाकेच्या अंतरावर आलं. 1857 मध्ये मात्र त्याला फौजेविना वऱ्हाड सांभाळायला पाठवलं, आणि ते त्याने शांत ठेवलं.

प्रकृती ढासळल्यामुळे 1860 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि 1863 मध्ये ‘तारा’ ही कादंबरी आली. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची बालविधवा मुलगी. देऊळ, मुरळ्या, सवतींचं घर, पहाटेची पूजा हे सगळं ओळखीने लिहिलेलं आहे. विनोदाचा भार अफजलखानाच्या घरातल्या लुर्ली खानमवर आहे. ग्रह-नक्षत्रं पाहिल्याशिवाय तिचं पान हलत नाही. हॉकली असता तर त्याने तिचं हसं केलं असतं; टेलर तिच्या भाबडेपणावर माया करतो.

पण एका ठिकाणी माझं त्याच्याशी जमत नाही, आणि ते ठिकाण लहान नाही. 1657, 1757, 1857 अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराची कादंबरीत्रयी त्याला हवी होती. अफजलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 चा. कल्पनेच्या सोयीसाठी त्याने काळाला दोन वर्षं मागे ढकललं, हे कादंबरीकाराला माफ आहे. मात्र प्रतापगडाच्या प्रसंगात तो इतिहासकार ग्रँट डफच्या दग्याच्या कथेमागे जातो, आणि खानाच्या स्वारीत तुळजापूरची झालेली विटंबना पाहिलेल्या माणसांचा राग वाचकापर्यंत पोचत नाही. वाळू खाणाऱ्या यात्रेकरूचा राग ज्याला कळला, त्याला हा राग कळायला हवा होता. पण नायक खानाचा मुलगा फाजल आहे. सती जाऊ घातलेल्या ताराला तो वाचवतो, आणि कथेची सगळी माया त्या घराकडे वाहते.

निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून टेलर 1875 मध्ये हैदराबादला आला, तेव्हा दृष्टी गेली होती. तब्येतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या मेंतोंमध्ये 13 मे 1876 रोजी तो वारला. आत्मचरित्र त्याची मुलगी ॲलिस हिने 1877 मध्ये प्रसिद्ध केलं. पिठाची ती हकिगत त्याच पुस्तकात आहे. तिने हा व्याप केला नसता, तर तुळजापूरच्या गाणाऱ्यांबरोबरच ती हकिगतही गेली असती.