क्लब कुणाचा?

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला यॅरेन नावाचा सपाट, शेतीचा पट्टा आहे. गाई, मेंढ्या, कोंबड्या आणि समुद्रावरून येणारा वारा. याच पट्ट्यातलं ब्रिने हे जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीचं गाव. 2025 साली इथल्या फुटबॉल क्लबाने सामनावीर ठरलेल्या आपल्या गोलरक्षकाला अंड्यांचे चार ट्रे बक्षीस दिले. पुढे दुसऱ्या एका खेळाडूच्या वाट्याला कोकरू आलं. मैदानाच्या कडेला ट्रॅक्टर उभे करून त्यांत बसून सामना बघायची 'व्हीआयपी' सोयही आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही गंमत म्हणून छापली. वरूड-शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराला त्यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. गावात जे पिकतं, तेच मानाने हातात द्यायचं असतं.

ब्रिनेचा क्लब 1926 चा. 1980 आणि 1982 मध्ये तो देशाच्या सर्वोच्च विभागात दुसरा आला, 1987 मध्ये त्याने नॉर्वेचा राष्ट्रीय चषक जिंकला. मग उतरण लागली. 2003 च्या हंगामानंतर वरचा विभाग सुटला आणि पुढची दोन दशकं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर गेली. याच पडत्या काळात, 2016 साली, एरलिंग हालांड नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा या संघातून मोठ्यांमध्ये पहिल्यांदा खेळला. आज तो जगातला एक नामांकित गोल करणारा आहे. पण त्याच वर्षी ब्रिनेचा संघ आणखी एक पायरी खाली घसरला होता. 2024 मध्ये दुसऱ्या विभागात दुसरा क्रमांक मिळवून क्लब पुन्हा वर चढला आणि एकवीस वर्षांच्या खंडानंतर 2025 चा हंगाम सर्वोच्च विभागात खेळला.

इतकी वर्षं खाली राहूनही क्लब बंद पडला नाही. याचं कारण भावनेत कमी आणि कायद्याच्या चौकटीत जास्त आहे. नॉर्वेत फुटबॉल क्लब हा सभासदांचा असतो. पैसेवाला माणूस सोबत कंपनी काढू शकतो, पैसा ओतू शकतो, पण क्लब विकत घेऊन घरी नेऊ शकत नाही. वार्षिक सभेत वर्गणी भरलेल्या सभासदाला मत असतं, आणि ही मतं चालतातही. जुलै 2024 मध्ये व्हिडिओ पंचगिरीच्या निषेधार्थ रोसेनबोर्ग-लिलेस्त्रोम सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर चक्क माशाच्या वड्या फेकल्या आणि सामना थांबवावा लागला. पुढल्या जानेवारीत वरच्या दोन विभागांतल्या बहुसंख्य क्लबांनी ही यंत्रणा काढून टाका, असा कौल दिला. महासंघाने ती शेवटी ठेवली, हा भाग वेगळा. क्लब बोलले ते सभासद बोलले म्हणून.

आता आपल्याकडे वळू, आणि हा हिशेब जरा कडू आहे.

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे नोकरदारांचे संघ. 2013 मध्ये क्लब परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून ते आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या स्पर्धेतून, बाहेर गेले. पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 मध्ये आटोपला. पुण्याचाच भारत एफसी एकच हंगाम खेळला. मुंबई एफसी 2017 मध्ये तळाला राहून खाली उतरला आणि मालकांनी दुकान बंद केलं. त्याच वर्षी पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही बाजूला झाला. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019. एवढ्या नावांत एकही क्लब असा नाही, की जो खाली घसरला, चार-दोन वर्षं धूळ खात खेळला आणि परत वर आला. घसरण हा फुटबॉलचा रोजचा भाग आहे. आपल्याकडे ती मृत्यूची तारीख ठरली, कारण ताळेबंदात तोटा दिसला की सभासदांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सभासद नव्हतेच.

मुंबईचा केंकरे एफसी 2021-22 मध्ये आय-लीगमध्ये आला, 2022-23 अखेर दिल्लीच्या सुदेवासोबत खाली गेला. पुढच्या दोन आय-लीग हंगामांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुंबई सिटी आहे, दोनदा चषकही जिंकलेला. बाकी बारा कोटींवरचं राज्य मोकळं.

मग महाराष्ट्रात फुटबॉल जगतो कुठे? कोल्हापुरात. आणि तिथे तो कंपनीच्या नव्हे, पेठेच्या जोरावर जगतो. राजर्षी शाहूंच्या काळात गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. कुस्तीसाठी 1912 साली खासबागेचं मैदान तयार झालं. त्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ मंगळवार पेठेचं, शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं. शिवाय बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, संध्यामठ, फुलेवाडी. 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, या सगळ्यांची लीग चालवते. वरिष्ठ गटात सोळा संघ, खाली आणखी गट. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला, की दुपारी शहराच्या त्या भागात गाडी घालण्यात अर्थ नसतो.

हे सगळं गोड आहे असं नाही. पेठेचा अभिमान दगडफेकीपर्यंत गेलाय, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्यात. गेल्या काही वर्षांत नायजेरिया, घानाचे खेळाडू आणून चषक जिंकण्याची चढाओढ लागली आहे. त्यामुळे पेठेतल्या पोराला बाकावर बसावं लागतं, अशी कुरकुर जुनी माणसं करतात. ती खोटी नाही. सगळ्यात मोठी अडचण तर वेगळीच: हे संघ आपल्याच शहरात फिरतात. देशाच्या उतरंडीत वर चढायचं तर परवाना, मैदान, प्रवास, वर्षभराचे पगार हवेत, आणि पेठेची वर्गणी तिथे पुरत नाही. म्हणजे आपल्याकडे जो क्लब वर चढतो तो टिकत नाही, आणि जो टिकतो तो वर चढत नाही. ब्रिनेने ही दोन्ही कामं एकाच संस्थेकडून करून घेतली.

वऱ्हाडात सभासदांच्या बळावर टिकलेली क्रीडासंस्था नाही, असं कुणी म्हणू नये. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये आखाडा म्हणून सुरू केलं. 1936 मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांबासारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. शंभरी ओलांडून मंडळ उभं आहे. फुटबॉलच्या बाबतीत मात्र विदर्भातलं ठळक नाव नागपूरचं: प्रा. विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेलं 'स्लम सॉकर'. बेघरांच्या विश्वचषकाला भारताचा संघ त्यांच्यामार्फत जातो. 2017 मध्ये ही स्पर्धा नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोत भरली, तिथेही तो खेळला.

एक गोष्ट वैदर्भीय वाचकाला विशेष कळेल. नॉर्वेतही 1972 पर्यंत उत्तरेकडच्या क्लबांना सर्वोच्च विभागात चढण्याचा मार्ग बंद होता. दक्षिणेतल्या मंडळींच्या मते तिकडचा खेळ त्या दर्जाचा नव्हता. अनुशेष हा शब्द त्यांच्याकडे नसेल, वस्तू होती. उत्तर ध्रुवीय वर्तुळापलीकडच्या बोदो गावचा ग्लिम्ट हा क्लब 2016 मध्ये खाली घसरला, 2017 मध्ये दुसरा विभाग जिंकून परतला आणि 2020 मध्ये देशाचा विजेता झाला. 2021 च्या ऑक्टोबरात त्याने इटलीच्या रोमा क्लबाला 6-1 ने हरवलं.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर आला. त्याच सुमारास राज्य सरकारचा तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठीचा 'महादेवा' प्रकल्पही पुढे आला. मुलं निवडणं हा सोपा भाग आहे. ती मोठी झाल्यावर त्यांना खेळायला इथे क्लब असणं, हा अवघड. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला आणि व्यावसायिक फुटबॉलसाठी जमशेदपूरला, मग हैदराबादला गेला. 2019 मध्ये तो जमशेदपूरकडे गेला, त्याच वर्षी पुण्याचा शेवटचा मोठा क्लब बंद झाला होता.