हिरव्या अजगरांची वंशावळ

नेदरलँड्समधील एका सर्पपालाच्या खोलीत काचेच्या पेट्यांची जी रांग मी पाहिली, तीतील प्रत्येक पेटीत आडव्या काठीवर दोहों बाजूंस वेटोळी टाकून व मधोमध मस्तक टेकवून एकेक हिरवा वृक्ष-अजगर निश्चल बसला होता. आणि पेटीवरील चिठ्ठीत शास्त्रीय नावाऐवजी ‘अरू’, ‘बियाक’, ‘सोरोंग’ अशी न्यू गिनीकडील मूळ ठिकाणे लिहिलेली होती. श्लेगेलने 1872 मध्ये वर्णिलेला हा प्राणी विसाव्या शतकात सर्वत्र एकच प्रजाती म्हणून दप्तरी दाखल असल्यामुळे पैदासकारांनी अरूची मादी आणि बियाकचा नर यांची जोडी बिनदिक्कत लावली. रंग मनाजोगा उतरला की गिऱ्हाईक दाम मोजावयास तयारच असे.

2003 मध्ये रॉलिंग्ज व डोनेलन यांनी जनुकीय परीक्षणावरून दाखविले, की बेटाच्या मध्यवर्ती पर्वतरांगेच्या उत्तरेचे व दक्षिणेचे अजगर भिन्न वंशांचे आहेत. 2020 मध्ये नाटुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडील अजगरांना ‘अझुरिया’ या स्वतंत्र प्रजातीत बसविले. बियाक व सोरोंग तिकडे गेले, अरू आणि ऑस्ट्रेलियातील अजगर ‘व्हिरिडिस’ या मूळ प्रजातीतच राहिले. सातबाऱ्यावर फेरफार पडावा, तसे पेटीतील प्राणी जागचा न हलता त्याचे खाते बदलले, आणि कालपर्यंतची हौशी जोडी आज दोन प्रजातींचा संकर ठरली.

यजमानांनी एका लिफाफ्यातून कातेचा कोरडा, पारदर्शक तुकडा काढून दाखविला. डीएनए मिळविण्यास एवढी कात पुरते, सापाला सुई टोचावी लागत नाही; परंतु तंतुकणिकांतील डीएनए केवळ मातेकडून येत असल्याने, तेवढ्याच परीक्षणावर विसंबल्यास अरूच्या मादीची मिश्र संतती बेलाशक शुद्ध अरू म्हणून खपते, म्हणून केंद्रकातील डीएनएही तपासावे लागते. चिठ्ठीचा भरवसा तर त्याहून कमी. लायन्स व नाटुश यांच्या 2011 च्या शोधनिबंधानुसार इंडोनेशियातून ‘पैदाशीचे’ म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान 80 टक्के रानातून धरलेले होते. जेथे जन्माचा दाखलाच लबाड, तेथे मूळ गावाची नोंद कोणत्या तोंडाने खरी मानावी? तरीही नोंद मुळीच न ठेवणाऱ्यांपेक्षा व्यापाऱ्यांची ही ठिकाणवार चिठ्ठी मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण शास्त्राला पटण्याआधीच उत्तर-दक्षिणेचा भेद तिने ओबडधोबडपणे का होईना जपला होता.

पिलांच्या रंगाची कसोटी मात्र फुकटची आहे. अरूची पिले जन्मतः पिवळीच असतात, बियाकच्या एकाच खेपेत पिवळी व तांबडी दोन्ही निघतात. म्हणून शुद्ध अरू म्हणून जोपासलेल्या जोडीच्या अंड्यांतून एखादे तांबडे पिल्लू बाहेर पडले, की यजमान ती सारी खेप मुकाट्याने ‘मिश्र’ म्हणून नोंदवितात आणि किंमत उतरवितात.