तीन टोकांचा तारा : मानहाइम ते चाकण

आमच्या हाउसमध्ये दिवे मालवण्याआधी दहा मिनिटे मोकळी मिळतात आणि त्यांतली निम्मी गाड्यांवरच्या वादात जातात. कोणी बीएमडब्ल्यूच्या बाजूचा, कोणी ऑडीच्या. पण मर्सिडीजचे नाव निघाले की दोन्ही पक्ष जरा दबकतात. हा दबदबा कशामुळे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "महाग आहे म्हणून." मला हे उत्तर पुरत नाही. महाग तर पुष्कळ वस्तू असतात, त्या सगळ्यांना शंभर वर्षे मान मिळत नाही.

माझे घर झाशी जिल्ह्यातल्या मोठ या गावी आहे. (विहिरीवरची मोट नव्हे, हे मला प्रत्येक नव्या मित्राला सांगावे लागते.) गाव झाशी-कानपूर महामार्गावर आहे. माझे बाबा सैन्याच्या ई.एम.ई.मधून, म्हणजे गाड्या व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झाले आणि या महामार्गालगत त्यांनी गॅरेज टाकले. त्यांच्याकडे मर्सिडीज कार कधी येत नाही, येतात ते ट्रक. तरीही या ताऱ्याबद्दल मला जे कळले, त्याची सुरुवात त्या ट्रकांपासूनच झाली. सुट्टीत बाबांना पाने-स्क्रू देता देता जे ऐकले आणि नंतर वाचनालयात जे वाचले, ते येथे मांडतो.

तीन चाके आणि एक आई

29 जानेवारी 1886 रोजी कार्ल बेंझ या जर्मन अभियंत्याने मानहाइम शहरात आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडीला चाके तीनच होती. मागे एका सिलिंडरचे इंजिन होते, त्याची ताकद एका अश्वशक्तीहूनही कमी आणि वेग ताशी साधारण 16 किलोमीटर. आमच्या क्रॉस-कंट्रीत पहिला येणारा मुलगा थोडा वेळ तरी तिच्या पुढे राहील. त्याच वर्षी गॉटलीब डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी कान्श्टाट गावी एका घोडागाडीला इंजिन बसवले. दोन्ही गावांत अंतर फारसे नव्हते, पण बेंझ आणि डाइमलर यांचे काम स्वतंत्रपणे चालले होते.

बेंझची गाडी लोकांना तमाशा वाटे. विकत कोणी घेईना. मग ऑगस्ट 1888 मध्ये त्याची पत्नी बर्था हिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन ती माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. पेट्रोल पंप तेव्हा जगात कुठेच नव्हता, म्हणून वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढायचे द्रावण विकत घेतले व तेच इंधन म्हणून वापरले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यांना चामडे लावून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर तिने सांगितले त्यावरून बेंझने चढासाठी आणखी एक गिअर बसवला.

मोटार चालते हे कार्लने कागदावर सिद्ध केले होते. रस्त्यावर ते बर्थाने सिद्ध केले. लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याचे पैसे त्याच्या कारखान्यात घालणारीही तीच होती. कंपनीच्या नावात बेंझ आहे ते दोघांचे आहे, असे मला वाटते.

नाव एका मुलीचे

"मर्सिडीज" हे नाव मात्र बेंझचेही नाही आणि डाइमलरचेही नाही. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधील नीस येथे राहून डाइमलरच्या गाड्या विकत असे व शर्यतींत उतरवत असे. मर्सिडीज हे त्याच्या लेकीचे नाव. त्याने कंपनीकडे अधिक वेगवान, रुंद आणि जमिनीलगत बसणारी गाडी मागितली. मायबाख यांनी ती बनवली आणि 1901 मध्ये 35 अश्वशक्तीची ही गाडी "मर्सिडीज" नावाने नीसच्या शर्यतींत उतरली. घोडागाडीला इंजिन जोडल्यासारख्या जुन्या गाड्या तिच्यापुढे एकदम जुनाट दिसू लागल्या. पुढच्याच वर्षी कंपनीने हे नाव नोंदवून घेतले. डाइमलर स्वतः 1900 मध्येच वारले होते, त्यांना हे यश पाहायला मिळाले नाही.

तीन टोकांचा तारा 1909 मध्ये नोंदवला गेला. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत, असा त्याचा अर्थ. सेनादलेही तीनच असल्याने हा अर्थ आपल्याला लक्षात ठेवायला सोपा! पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची वाताहत झाली, तेव्हा बेंझ आणि डाइमलर या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी 1926 मध्ये हातमिळवणी केली. तेव्हापासून गाडीचे नाव मर्सिडीज-बेंझ झाले.

या इतिहासात एक काळे पानही आहे, आणि लष्करी शाळेच्या अंकात तरी ते वगळू नये. दुसऱ्या महायुद्धात ही कंपनी नाझी राजवटीसाठी विमानांची इंजिने आणि लष्करी गाड्या बनवत होती. हुकूमशहाच्या संचलनातल्या गाड्यांवर हाच तारा होता. 1944 पर्यंत कंपनीत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने राबवलेले होते. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतले बंदीही होते. उत्तम अभियंता असणे आणि योग्य बाजूला उभे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून कळते.

ट्रकवरचा तारा

भारतात हा तारा सामान्य माणसाने प्रथम पाहिला तो ट्रकवर. 1954 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला "टाटा मर्सिडीज-बेंझ" ट्रक तयार होऊ लागले. बाबांच्या गॅरेजमध्ये चहाला थांबणारे एक वृद्ध ड्रायव्हर अजूनही जुन्या टाटा ट्रकला "मर्सिडीज" म्हणतात. नवी मुले हसतात, पण त्यांचे काही चुकत नाही.

या काळात टेल्कोची धुरा वाहणारे अभियंता होते सुमंत मुळगावकर. परक्यांचे तंत्र घ्यायचे, पण त्याच्यावर कायम अवलंबून राहायचे नाही, म्हणून आपली माणसे तयार करायची आणि सुटे भाग आपल्याकडे बनवायचे, अशी त्यांची पद्धत होती. 1969 मध्ये करार संपला. ट्रकवरचा तारा गेला, त्या जागी टाटांचे "टी" आले आणि ट्रक बनत राहिले. पुण्याचा कारखानाही मुळगावकरांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. 1994 मध्ये आलेल्या "सुमो" गाडीचे नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवले आहे. सुमो म्हणजे जपानी पहिलवान, असे समजणाऱ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.

संग्रामदुर्गाच्या गावात

1994 मध्ये मर्सिडीज-बेंझ भारतात परत आली, या वेळी मोटारी घेऊन, आणि तिने पुण्यात बस्तान बसवले. सुरुवातीला टेल्कोच्याच आवारात गाड्या जुळवल्या जात. 2009 मध्ये चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. शाळेत इतिहास शिकलेल्याला चाकण म्हटले की संग्रामदुर्ग आठवतो. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी शायिस्ताखानाच्या अफाट फौजेला तिथे जवळजवळ दोन महिने रोखून धरले होते. बाकी चाकण प्रसिद्ध होते ते कांद्याच्या बाजारासाठी. आज त्याच परिसरातून कोटीच्या घरातल्या गाड्या बाहेर पडतात, आणि 2022 पासून विजेवर चालणारी ईक्यूएस ही मोठी मोटारही तिथे जोडली जाते.

येथे "जोडणे" हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तयार मोटार परदेशातून आणली तर तिच्यावर जबर आयात कर बसतो. सुटे भाग आणून येथे जोडले तर कर कमी पडतो आणि काम आपल्या माणसांना मिळते. माझा मामा चाकणच्या पट्ट्यात एका लहान कारखान्यात गाड्यांचे भाग बनवतो. तो सांगतो की एखादा भाग केसाच्या जाडीहून कमी फरकाने चुकला तरी पेटीतून बाजूला काढतात. ज्या वस्तूवर आपले नाव लिहिलेले नाही, ती इतक्या काटेकोरपणे बनवणे हीदेखील एक शिस्तच आहे.

आणि आकर्षण? त्याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यात घडले. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन सुमारे 150 मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. किंमत होती जवळजवळ 65 कोटी रुपये. एवढ्या गाड्या एकदम घेतल्याने सवलत मिळाली, हे खरे. पण मुख्य इच्छा अशी होती की आपल्या शहराचे नाव देशाने ऐकावे. म्हणजे ताऱ्याबरोबर लोक "आम्हीही आहोत" हे सांगण्याची संधीसुद्धा विकत घेतात. त्याला नुसते मिरवणे म्हणून हसण्यावारी नेणे मला बरोबर वाटत नाही. मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या भागाला ही भूक असणारच. आमच्या बुंदेलखंडालाही ती आहे.

चुरगळण्यासाठी बनवलेला पुढा

पण खरे मोल मला दुसरीकडे दिसते. या कंपनीत बेला बारेन्यी नावाचे अभियंते होते. त्या काळी समजूत अशी की गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित. बारेन्यी यांनी उलटे सांगितले. माणसे बसतात तो मधला भाग टणक ठेवा, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवा. 1959 मध्ये अशी गाडी बाजारात आली.

यामागचे शास्त्र आपण रोज ऑब्स्टॅकल कोर्सवर वापरतो. भिंतीवरून उडी मारताना उस्ताद ओरडतात, "गुडघे वाकवा!" गुडघे वाकले की शरीर थांबायला जास्त अंतर मिळते आणि धक्का कमी बसतो. गाडीचेही तसेच. आदळल्यावर ती 5 सेंटीमीटरमध्ये थांबण्याऐवजी पुढा चुरगळत 50 सेंटीमीटरमध्ये थांबली, तर आतल्या टणक भागावरचे सरासरी बल दहापटीने कमी होते. पुढचा पत्रा गुडघ्यासारखा वाकतो आणि माणूस वाचतो.

1978 मध्ये बॉश कंपनीच्या मदतीने मर्सिडीजने आपल्या एस-क्लास मोटारीत एबीएस ब्रेक दिले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम झाले की गाडी घसरते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. एबीएस हे चाक जाम होऊ लागल्याचे ओळखते आणि ब्रेक सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा दाबते. त्यानंतर थोड्याच काळात एअरबॅगही आली. तेव्हा या चैनीच्या वस्तू होत्या. भारतात एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. श्रीमंतांच्या गाडीत जन्मलेली कल्पना चाळीस वर्षांनी शिक्षकाच्या, दुकानदाराच्या छोट्या गाडीत पोहोचली. मर्सिडीज कधीही न घेणाऱ्यालाही या ताऱ्याचे देणे लागते ते असे.

यंत्राची हद्द

तरीही यंत्राला हद्द असते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी मर्सिडीजच होती. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघेही गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळून थांबली, तरी पट्टा न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हे सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला तर आघाताची ऊर्जा चौपट होते. बाबांच्या गॅरेजसमोर अपघातातल्या गाड्या ओढून आणून ठेवतात. त्या पाहताना बाबा आधी पट्टा पाहतात. तो ताणलेला, घासलेला असेल तर म्हणतात, "हा वाचला असेल." पट्टा नव्यासारखा गुंडाळलेला दिसला की ते काही बोलत नाहीत.

येत्या पालक दिनाला मैदानाबाहेर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागेल. तारेवाली असो की बिनतारेवाली, भाड्याची जीप असो की एस.टी.ची बस, तिचे बोधचिन्ह जरूर पाहावे, त्यामागे मोठा इतिहास आहे. पण पालकांना माझी विनंती एवढीच आहे की, घरी परतताना मागच्या सीटवर आमची धाकटी भावंडे बसतील, त्यांचाही पट्टा आठवणीने लावावा. तो छोट्यात छोट्या गाडीतही असतो, आणि लावायला दोन सेकंद पुरतात.